थायलंडमध्ये सुट्टीसाठी कॉन्डो घेताना परदेशी खरेदीदाराने काय पाहावे?

समुद्रकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी आणि माझी पत्नी गेली सहा वर्षे दर हिवाळ्यात तीन-चार आठवडे थायलंडमधील हुआ हिन या समुद्रकाठच्या गावी भाड्याच्या घरात राहतो. आता तेथेच एखादा लहान कॉन्डो (म्हणजे इमारतीतील मालकीची सदनिका) विकत घ्यावा, असा विचार पक्का होत आला आहे. आम्ही दोघेही थायलंडचे नागरिक नाही आणि तेथे कायम वास्तव्य करण्याचा आमचा इरादाही नाही.

आमच्यासमोर दोन पर्याय आहेत. पहिला हुआ हिनमधील बारा वर्षे जुन्या इमारतीतला, ४२ चौरस मीटरचा कॉन्डो. त्याचा सध्याचा मालक तो ३४ लाख बाह्तला (बाह्त हे थायलंडचे चलन) विकू इच्छितो. दुसरा पट्टायाजवळ जोमतिएन येथील, पायाचे काम नुकतेच सुरू झालेला प्रकल्प. तेथील बिल्डर पहिली पाच वर्षे दर वर्षी किमतीच्या ७ टक्के भाड्याची हमी देतो, परंतु परदेशी लोकांचा कोटा संपला असल्याने तीस वर्षांचा भाडेपट्टा करावा आणि पुढे दोनदा नूतनीकरण करून मिळेल, असे त्याचे म्हणणे आहे. 'तसे नको असेल तर थाई कंपनी काढून तिच्या नावावर घ्या', असाही सल्ला त्याच्या माणसाने दिला. दलालाला विचारले तर तो दोन्ही पर्याय उत्तम आहेत असे सांगतो, आणि नेमकी त्याचीच मला धास्ती वाटते. ज्यांनी असा व्यवहार स्वतः केला आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जुनाखातेदार

मी २०११ मध्ये बँकॉकमध्ये कॉन्डो घेतला आणि २०२२ मध्ये विकला, त्यामुळे व्यवहाराची दोन्ही टोके मी पाहिली आहेत. खरेदी करताना मी खोलीतून समुद्र दिसतो का, मेट्रो किती दूर आहे, याची चौकशी करत होतो. विकताना या गोष्टी मला कोणीच विचारल्या नाहीत. विचारले ते पैसे कोणत्या मार्गाने आले आणि त्याचा कागद कोठे आहे, एवढेच.

कॉन्डोंविषयीचा तेथील मूळ कायदा १९७९ चा आहे. थाई कागदांवर तो बौद्ध संवत २५२२ चा म्हणून दिसतो. त्यांच्या वर्षातून ५४३ वजा केले की आपले वर्ष मिळते. करार वाचताना ही वजाबाकी लक्षात ठेवावी, कारण ताबा देण्याची तारीखही बहुधा त्याच संवतात लिहिलेली असते. या कायद्यानुसार इमारतीतील सर्व कॉन्डोंच्या एकूण क्षेत्रफळापैकी जास्तीत जास्त ४९ टक्के भाग परदेशी व्यक्तींच्या पूर्ण मालकीचा असू शकतो. हे प्रमाण घरांच्या संख्येवर नसून क्षेत्रफळावर मोजले जाते, म्हणून मोठी घरे परदेशी लोकांकडे असलेल्या इमारतीत कोटा लवकर भरतो. आपण पाहिलेल्या कॉन्डोचा मालक स्वतः परदेशी असेल आणि त्याची नोंद कोट्यात असेल, तर तीच जागा आपल्याकडे येते. मालक थाई असेल तर मात्र इमारतीच्या कोट्यात तेवढे क्षेत्रफळ शिल्लक असले पाहिजे. तसे पत्र इमारतीच्या व्यवस्थापन संस्थेकडून मिळते आणि हस्तांतरणाच्या वेळी भूमी कार्यालय, म्हणजे मालकीची नोंद करणारे सरकारी कार्यालय, ते मागते. दलालाच्या तोंडी आश्वासनावर न थांबता, इसार देण्यापूर्वीच हे पत्र पाहावे.

आता पैशाविषयी. ज्या परदेशी खरेदीदाराकडे तेथील कायम वास्तव्याचा परवाना वगैरे नाही, त्याने खरेदीची रक्कम थायलंडबाहेरून परकीय चलनात आणली आहे, हे सिद्ध करावे लागते. रक्कम डॉलर, युरो किंवा तत्सम चलनात पाठवावी आणि तिचे बाह्तमध्ये रूपांतर थायलंडमधील बँकेत व्हावे. ५०,००० डॉलर किंवा त्याहून मोठ्या रकमेसाठी ती बँक परकीय चलन व्यवहाराचा अर्ज म्हणून ओळखला जाणारा दाखला देते, आणि त्याहून लहान रकमेसाठी जमा झाल्याचे पत्र मिळते. पाठवताना 'कॉन्डो खरेदीसाठी' असा उद्देश स्पष्ट लिहावा. आपण दोघांच्या नावे घेणार असाल तर दोघांची नावे पारपत्रावर आहेत तशीच, अक्षराचाही फरक न करता, कागदांवर यावीत.

माझी चूक येथेच झाली. माझ्या देशातील बँकेच्या कारकुनाने सांगितले की आम्ही इथेच बाह्तमध्ये बदलून पाठवतो, दर चांगला पडेल. मी शेवटचा हप्ता तसा पाठवला. पैसे पोहोचले, पण परकीय चलनात पोहोचले नाहीत, म्हणून त्या रकमेचा दाखला मिळेना आणि भूमी कार्यालयात तेवढी रक्कम धरली जाईना. अखेर तेवढेच पैसे पुन्हा उसने घेऊन डॉलरमध्ये पाठवले आणि आधी बाह्तमध्ये पाठवलेली रक्कम खात्यात पडून राहिली. अकरा वर्षांनी विक्रीची रक्कम परत नेताना बँकेने तेच जुने दाखले मागितले. मी ते मूळ प्रतींसह जपून ठेवले होते, म्हणून काम दोन दिवसांत झाले.

तीस वर्षांच्या भाडेपट्ट्याबद्दल एकच सांगतो. तेथील दिवाणी व व्यापारी संहितेनुसार स्थावर मालमत्तेचा भाडेपट्टा तीस वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा करता येत नाही. पुढील दोन नूतनीकरणे हा केवळ आजच्या मालकाचा शब्द आहे आणि उद्या मालक बदलला तर तो शब्द नव्या मालकावर बंधनकारक राहील असे धरून चालता येत नाही. भाडेपट्टा घेणे गैर नाही, परंतु त्यासाठी मालकीची किंमत मोजू नये. कंपनीचा सल्ला तर सरळ नाकारावा. नावापुरते थाई भागीदार उभे करून मालमत्ता धारण करणे हा तेथे गुन्हा आहे.

वजाबाकी

जोमतिएनच्या प्रकल्पाबद्दल लिहितो, कारण हमी दिलेल्या भाड्याचा अनुभव माझ्या पदरी आहे. कोणत्या बिल्डरचा ते येथे सांगत नाही. मला दोन वर्षे भाडे वेळेवर मिळाले, तिसऱ्या वर्षी उशीर होऊ लागला आणि नंतर भाड्याऐवजी पत्रे येऊ लागली. मग शेजारच्या इमारतीतील तशाच, पण हमी नसलेल्या घरांची किंमत काढली. ती माझ्या किमतीपेक्षा जवळजवळ पाचव्या हिश्शाने कमी होती. थोडक्यात, मला मिळालेले भाडे मीच आगाऊ भरलेले होते.

बांधकाम सुरू असताना भरलेले हप्ते सहसा थेट बिल्डरकडे जातात. तिऱ्हाइताकडे पैसे ठेवण्याची सोय करणारा कायदा थायलंडमध्ये २००८ पासून आहे, पण ती सोय ऐच्छिक आहे. बिल्डर त्याला तयार आहे का, हे विचारून पाहावे. त्याच्या उत्तरावरून बरेच काही कळते. ८० किंवा अधिक घरांच्या इमारतीला पर्यावरणीय परिणाम अहवालाची मंजुरी लागते. ती मिळालेली आहे की 'मिळणारच आहे', याची लेखी खात्री करावी. करारासाठी शासनाने ठरवलेला नमुना आहे, आणि जाहिरातीत किंवा माहितीपत्रकात जे दाखवले असेल ते कायद्याने कराराचाच भाग मानले जाते, म्हणून पोहण्याच्या तलावाचे रंगीत चित्र असलेले ते पत्रक फेकून देऊ नये. करार थाई आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत असला तरी वाद झाल्यास बहुधा थाई मजकूरच प्रमाण धरला जातो, तेव्हा तो वाचू शकणारा आणि बिल्डरशी संबंध नसलेला वकील हवा. दलालांना तेथे परवाना सक्तीचा नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

भाड्याचा आणखी एक मुद्दा. आपण नसताना घर सुट्टीवर येणाऱ्यांना चार-चार दिवसांसाठी देऊ, असा हिशेब बरेच जण करतात. २००४ च्या हॉटेल कायद्यानुसार एक महिन्यापेक्षा कमी मुदतीने प्रवाशांना खोली देणे हा हॉटेलचा व्यवसाय ठरतो आणि त्याला परवाना लागतो. कॉन्डोच्या एकट्या मालकाला तो मिळणे जवळपास अशक्य आहे. 'सगळेच देतात' हे खरे आहे, पण तक्रार शेजारी करतो आणि दंड मालकाला होतो.

समुद्रकाठ

दोघांचेही मनापासून आभार. जोमतिएनचा विचार आम्ही सोडून दिला. हुआ हिनच्या कॉन्डोचा मालक परदेशी असून त्याची नोंद कोट्यात आहे, हे आज समजले. मात्र त्याने एक नवी गोष्ट पुढे केली आहे. त्याने चार वर्षांपूर्वीच घर घेतले असल्याने त्याला कर जास्त पडतो, म्हणून कागदोपत्री २३ लाख दाखवावेत आणि उरलेले दहा लाख त्याच्या देशातील खात्यात द्यावेत, असे तो सुचवतो. त्या बदल्यात तो किंमत ३३ लाखांवर आणायला तयार आहे. याशिवाय जुन्या इमारतीत नेमके काय तपासावे, हेही कोणी सांगू शकेल का?

चौथामजला

मी चियांग माई येथील एका इमारतीच्या मालक समितीवर तीन वर्षे होतो, म्हणून आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सविस्तर देतो. पहिल्याचे उत्तर सोपे आहे : असे करू नये.

पाच वर्षांच्या आत विकणाऱ्याला विशिष्ट व्यवसाय कर लागतो. तो ३.३ टक्के असून विक्रीची किंमत आणि सरकारी मूल्यांकन यांपैकी जी रक्कम मोठी असेल तिच्यावर आकारला जातो. पाच वर्षांनंतर त्याऐवजी ०.५ टक्के मुद्रांक शुल्क असते. आयकराची कपात निराळी. हे सर्व विक्रेत्याचे देणे आहे, आपले नव्हे. आपल्याशी संबंध येतो तो मुख्यतः हस्तांतरण शुल्काशी. ते सरकारी मूल्यांकनाच्या २ टक्के असते आणि रिवाजाने निम्मे-निम्मे वाटून घेतात. म्हणजे कमी किंमत दाखवून वाचणार आहे तो त्याचा कर, आणि धोका मात्र आपला. सरकारी अधिकाऱ्यापुढे खोटी किंमत सांगितल्याचा दोष येतोच, शिवाय दहा लाख बाह्त आपण घरासाठी दिले याचा कोणताही पुरावा राहत नाही. व्यवहार फिसकटला तर ते कोणाकडे मागणार?

आता इमारत. बारा वर्षे हे कॉन्डोच्या इमारतीचे नाजूक वय असते. लिफ्ट, पाण्याचे पंप, गच्चीचे जलरोधक अस्तर आणि बाहेरचा रंग यांचे मोठे खर्च साधारण याच सुमारास एकदम येतात, आणि समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत तर लवकरच. हे खर्च राखीव निधीतून व्हायचे असतात. हा निधी पहिल्या मालकाने ताबा घेताना एकदाच भरलेला असतो आणि बऱ्याच इमारतींत तो केव्हाच आटलेला असतो. म्हणून गेल्या तीन वर्षांच्या वार्षिक सभांची इतिवृत्ते आणि ताळेबंद मागावेत. विक्रेता मालक आहे, त्याला ते मिळू शकतात. 'सापडत नाहीत' असे उत्तर आले तर तेही एक उत्तरच आहे. देखभाल शुल्क किती आहे यापेक्षा ते किती जण भरतात, हे महत्त्वाचे असते. आमच्या इमारतीत शुल्क दर चौरस मीटरला अवघे ३० बाह्त होते, सगळे खूश होते, आणि लिफ्ट बिघडली तेव्हा सुटे भाग आणायला पैसे नव्हते. थकबाकीदारांवर कायद्याने वार्षिक १२ टक्क्यांपर्यंत, आणि सहा महिन्यांपेक्षा जुन्या थकबाकीवर २० टक्क्यांपर्यंत दंड आकारता येतो, शिवाय सभेतील त्यांचा मताधिकारही जातो. तरीही परदेशात राहणाऱ्या मालकाकडून वसुली करणे किती कठीण असते, ते मी अनुभवले आहे. हस्तांतरणाच्या वेळी विक्रेत्याने थकबाकी नसल्याचा दाखला आणावाच लागतो. तो ताजा असल्याची खात्री करावी.

२८ मार्च २०२५ रोजी म्यानमारमध्ये ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला आणि त्याचे हादरे बँकॉकच्या उंच इमारतींना चांगलेच बसले. बांधकाम सुरू असलेली एक सरकारी इमारत तर कोसळली. त्यानंतर कोणत्याही उंच इमारतीत घर घेताना अभियंत्याचा पाहणी अहवाल आणि सामायिक विम्याची प्रत मागण्यात संकोच करू नये. हुआ हिन दूर असले तरी समितीने असा अहवाल मागवला होता का, यावरून तिची जागरूकता कळते.

आणि शक्य असेल तर घर पावसाळ्यात पाहावे. हिवाळ्यात कोणतीही भिंत कोरडीच दिसते.

घरजावई_नाही

सर्वांनी खरेदी कशी करावी हे सांगितले, म्हणून मी थोडा विरोधी सूर लावतो. वर्षातून चार आठवडे वापरायच्या घराला बारा महिने खर्च असतो. ४२ चौरस मीटरला ५० बाह्त दराने देखभाल शुल्क धरले तर वर्षाला २५,२०० बाह्त होतात. मालमत्ता कर त्यामानाने किरकोळ आहे. दुसऱ्या घरावर ०.०२ टक्के, म्हणजे ३० लाखांच्या मूल्यांकनावर ६०० बाह्त. खरा खर्च बंद घराचा असतो. ओलाव्याने गाद्यांना बुरशी येते, वातानुकूलन यंत्र खाऱ्या हवेने गंजते, आणि महिन्यातून एकदा खिडक्या उघडून नळ सोडणारे विश्वासाचे माणूस लागते. शिवाय कॉन्डो घेतला म्हणून व्हिसा मिळत नाही, तो आपला आपण वेगळा काढायचा असतो. एवढे करूनही दर वर्षी त्याच गावी जायचे आहे का, हे ठरवून टाकावे. आम्ही ठरवले आणि भाड्यानेच राहिलो.

घ्यायचेच असेल तर थायलंडमधील मालमत्तेपुरते वेगळे मृत्युपत्र तेथेच करून ठेवावे. परदेशी वारसाला घर वारशाने मिळू शकते, पण तो स्वतः कायद्याच्या अटींत बसत नसेल तर त्याला ते एका वर्षाच्या आत विकावे लागते, आणि मुदतीत विकायला निघालेल्या माणसाला भाव मिळत नाही. मुलांना हे आधीच माहीत असलेले बरे.

समुद्रकाठ

विक्रेत्याला पूर्ण ३४ लाख कागदावर दाखवण्याच्या अटीवर होकार कळवला आहे. त्याने दोन दिवसांची मुदत मागितली आहे. दरम्यान व्यवस्थापन संस्थेकडे इतिवृत्ते मागितली. दोन वर्षांची लगेच आली, तिसऱ्या वर्षाची 'शोधत आहोत' असे उत्तर आले. चौथामजला यांचे वाक्य आठवले. ती येईपर्यंत इसार देणार नाही, असे दलालाला कळवले असून, यंदाच्या हिवाळ्यासाठी नेहमीचेच भाड्याचे घर आजच ठरवून टाकले आहे.