विनिंग पर्सेंटेजवरून टीमचं मोठेपण ठरतं का? (मिशिगन वि. ओहायो स्टेट)

हुरोनकाठ: अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा विषय निघाला की ओहायो स्टेटवाल्यांचं एकच तुणतुणं, आमची विनिंग पर्सेंटेज (खेळलेल्या मॅचपैकी जिंकलेल्यांची टक्केवारी) जास्त. अहो पण 1000 विजय सगळ्यात आधी कोणाचे झाले? आमच्या मिशिगनचे, 18 नोव्हेंबर 2023 ला, मेरीलँडला 31-24 हरवून. या दोघांच्या आपसातल्या शंभराच्या वर मॅच झाल्यात आणि त्यातही मिशिगनच पुढे आहे, ते सोडून दशांशानंतरचा तिसरा आकडा काय बघत बसायचा?

कोलंबसकर: एकूण विजय मोजले तर आधी सुरू केलं तो पुढे असणारच. मिशिगन 1879 पासून खेळतंय, आम्ही ओहायो स्टेटवाले 1890 पासून. आणि ते जुने विजय तरी कसले, 1901 च्या सीझनला मिशिगनचे 550 पॉइंट आणि समोरच्या सगळ्यांचे मिळून शून्य, त्यात बफेलोला 128-0! टक्केवारीत निदान हरलेल्या मॅचचाही हिशोब होतो.

हुरोनकाठ: कसला हिशोब? 2010 ला तुम्ही 12-1 (बारा विजय, एक हार) होतात, खेळाडूंनी टॅटू आणि पैशांसाठी जर्सी, अंगठ्या वगैरे दिल्याचं निघालं आणि बाराही विजय रद्द झाले, कागदावर उरलं 0-1. त्यात आमच्याविरुद्धची 37-7 पण आली. तुमच्या खात्यात तो विजय नाही, आमच्या खात्यात हार मात्र आहे तशीच, कारण विजय रद्द झाला म्हणून समोरच्याला मिळत नाही. एकाच मॅचमध्ये हरलेला आहे आणि जिंकलेला कोणीच नाही! पेन स्टेटचे तर 112 विजय 2012 मध्ये काढले न् 2015 मध्ये परत दिले. असल्या आकड्यांचा भागाकार करून काय सिद्ध होणार?

कोलंबसकर: मग धरा ना ते बारा परत, आमची टक्केवारी अजून वर जाईल. हा मुद्दा माझ्याच बाजूचा झाला.

शेड्यूल_बघा: दोघंही मूळ गोष्ट सोडताय, जिंकलात ते कोणाविरुद्ध? 2023 ला लिबर्टी 13-0 होती, सीझननंतरच्या फिएस्टा बोल या मॅचमध्ये ओरेगॉन समोर आली आणि 45-6 ने हरली लिबर्टी. वासरात लंगडी गाय शहाणी, दुसरं काय. त्याच वर्षी फ्लोरिडा स्टेट 13-0 असून प्लेऑफच्या (चॅम्पियन ठरवणाऱ्या शेवटच्या फेरीच्या) बाहेर आणि अलाबामा 12-1 असून आत, म्हणजे टीम निवडणारी कमिटीसुद्धा नुसतं रेकॉर्ड बघत नाही.

निळं_मैदान: लंगडी गाय म्हणताना जरा जपून. 2006 च्या सीझनला बॉयसी स्टेटला पण असंच बोलत होते, त्यांनी ओक्लाहोमाला ओव्हरटाइममध्ये 43-42 हरवलं, तेही शेवटी एका पॉइंटची सोपी किक मारून बरोबरी न करता दोन पॉइंटचा अवघड डाव खेळून. आणि 2017 ची यूसीएफ (सेंट्रल फ्लोरिडा युनिव्हर्सिटी)? 13-0. ज्या ऑबर्नने जॉर्जिया आणि अलाबामा दोघांनाही हरवलं होतं तिला यूसीएफने 34-27 हरवलं, तरी फायनल खेळले जॉर्जिया आणि अलाबामाच. मोठ्या टीम छोट्यांच्या मैदानावर जायला फारशा तयार नसतात आणि वर शेड्यूल सोपं म्हणून त्यांनाच नावं ठेवायची, हा सरळ अन्याय आहे.

शेड्यूल_बघा: यूसीएफचं मान्य, पण ते ऑबर्नला हरवलं म्हणून, 13-0 आहे म्हणून नाही.

हुरोनकाठ: तेच म्हणतोय मी, समोर कोण होतं ते बघा. 2024 ला ओहायो स्टेटच्या घरी, कोलंबसमध्ये येऊन आम्ही 13-10 जिंकलो.

कोलंबसकर: आणि त्याच सीझनला नोटर डेमला 34-23 हरवून चॅम्पियन कोण झालं? आम्हीच. एका मॅचवर टीम मोजायची तर तो सीझन तुम्ही कुठे बसवणार सांगा. मी सव्वाशे वर्षांची टक्केवारीच धरणार.