मदत हवी आहे: चुण्यांची पट्टी घातली की ब्लॉकचं माप बिघडतं

मंडळी, गोधडीचा ब्लॉक (जोडायचा एक चौकोन) शिवून १२ इंच हवा, म्हणजे कापताना साडेबारा. मधोमध ४ इंच रुंद चुण्यांची पट्टी. कापड साधं कॅम्ब्रिक (पातळ सुती), ठाण्यातल्या जांभळी नाक्यावरचं, धुऊन आटवून घेतलेलं. पट्टी २५ इंच कापून चुण्या ओढून साडेबारावर आणली. टाका ४ मिमी, वरच्या दोऱ्याचा ताण सैल, दोन्ही लांब कडांना दोन-दोन शिलाया: एक काठापासून १/८ इंचावर, दुसरी ३/८ इंचावर. पाव इंचाची खरी शिलाई त्यांच्या मधोमध जाते, त्यामुळे चुण्या उभ्या बसतात. दोरे बॉबिनचेच ओढले. इथपर्यंत ठीक.

पण जोडल्यावर पट्टीच्या जागी ब्लॉक पावणेबारा भरतो आणि मध्ये फुगा येतो. वरच्या-खालच्या चुण्या तिरक्या जातात, हे बहुधा दोन्ही कडा सारख्या न ओढल्यामुळे. टाचण्या दर इंचाला लावल्या होत्या. टोकाचा अर्धा इंच मात्र चुण्यांशिवाय सोडला नव्हता. तिथेच शिलाई जाड होऊन मशीनचा पाय अडखळतो.

विचारायचं असं: पट्टीखाली साडेचार इंची मलमलीचा आधार टाचून मग जोडावं का? चुण्यांसाठी कॅम्ब्रिकला दुप्पट लांबी जास्त होते का, दीडपट पुरेल? आणि गोधडीत भरण (मधला मऊ थर) घातल्यावर मशीनचा पाय चुण्या चपट्या करतो, म्हणून पट्टीवर शिलाई न मारता हाताने दर दीड इंचाला गुपचूप (वरून न दिसणारा) टाका घेतला तर धुण्यात टिकेल? बॉबिनमध्ये इलॅस्टिक दोरा सुचवू नका, वाफेच्या इस्त्रीने तो आणखी आकसतो.