कॉल ऑफ द वाइल्ड: रेड डियर गोळी खाऊन पळतं, मेडलही उतरतं, नेमकं कुठं चुकतंय?

तापीकाठ (प्रश्न)
गेम: द हंटर: कॉल ऑफ द वाइल्ड, पीसीवर. नकाशा हिर्शफेल्डेन. रायफल रेंजर .२४३, गोळी सॉफ्ट पॉइंट, झिरोइंगचं (गोळी किती अंतरावर नेमावर लागेल ते जुळवायचं) कौशल्य अजून घेतलेलं नाही.

अडचणी तीन. पहिली, रेड डियरला १५० मीटरच्या आसपास गोळी लागते, रक्तही सापडतं, पण जनावर लांब निघून जातं. सापडलं तरी दुर्बिणीतून सोन्याचा अंदाज असलेल्याला चांदी मिळते. दुसरी, ओणवं चालूनही कळप २०० मीटरवरूनच उधळतो. तिसरी, तलावाकाठच्या ज्या जागी सुरुवातीला भरपूर हरणं यायची, तिथं आता काहीच येत नाही. जाणकारांनी नीट सांगावं.

यावल_वाट
पहिल्या अडचणीचं मूळ बंदुकीत आहे. गेममध्ये प्रत्येक जनावराला १ ते ९ मधला एक वर्ग आहे. हिर्शफेल्डेनवर कोल्हा २, रो डियर ३, फॅलो डियर ४, रानडुक्कर ५, रेड डियर ६, युरोपियन बायसन ९. गोळीच्या माहितीत ती कोणत्या वर्गांसाठी आहे ते लिहिलेलं असतं. .२४३ रो आणि फॅलोसाठी उत्तम आहे, ६ व्या वर्गासाठी ती नाही. रेड डियरसाठी दुकानातून .२७० घ्या. पैसे साठेपर्यंत रेड डियर सोडून द्या, रो आणि फॅलो मारूनच ते साठतील.

मेडल उतरण्याचं कारणही बरंचसं हेच. जनावर ताब्यात घेताना गेम चार गोष्टी तपासतो: गोळी योग्य वर्गाची होती का, दोनपेक्षा जास्त गोळ्या लागल्या का, ट्रॉफीच्या अवयवाला (ज्यावरून मेडल ठरतं, जसं शिंगं) इजा झाली का, आणि मर्मस्थान लागलं का. यातली एक चुकली तरी मेडल खाली येतं. पळणाऱ्या जनावरावर घाईत तिसरी गोळी झाडणं म्हणजे हातातलं सोनं सोडणं. डोक्यावर नेमही धरू नका.

आता नेम. जनावर पूर्ण आडवं उभं असेल तेव्हाच झाडायची सवय लावा. पुढच्या पायाच्या मागच्या कडेने सरळ वर जा आणि छातीच्या खालून एक तृतीयांश उंचीवर थांबा. तिथून गोळी दोन्ही फुप्फुसांतून पार होते आणि जनावर फार लांब जात नाही. हृदय त्याहून खाली आहे, पण लक्ष्य लहान आहे. थोडं खाली गेलं तर नुसता पाय लागतो. जनावर तिरकं, तुमच्याकडे पाठ करून उभं असेल तर पलीकडच्या पुढच्या पायाकडे गोळी निघेल असा नेम धरा. तोंड तुमच्याकडे असेल तर थांबा, ते वळतंच.

तुमचं बहुतेक काय होतंय ते सांगतो: नेम पोटाच्या मध्यावर जातो. आतडं लागलं की रक्त कमी वाहतं आणि माग लांबतो. रक्ताचा डाग तपासल्यावर रक्तस्रावाचा वेग दिसतो. तो 'खूप कमी' असेल तर लगेच मागे धावू नका. धावलात की जनावर पुन्हा दचकतं आणि आणखी पुढे जातं. जागेवर थांबा, मग सावकाश मागावर जा.

झिरोइंगचं कौशल्य नसताना रायफल १५० मीटरला जुळवलेली असते. ७५ मीटरवर गोळी किंचित वर लागते, २५० च्या पुढं चांगलीच खाली. कौशल्य घेतलं की ७५, १५० आणि ३०० असे तीन पर्याय मिळतात. त्याआधी अंतर मोजायचं यंत्र घ्या. डोळ्यांच्या अंदाजाने उतारावर हमखास चुकतं.

आणखी एक, धावत येऊन लगेच नेम धरू नका. हृदयाचे ठोके वाढलेले असले की दुर्बीण डोलते. आडवे पडा, ठोके खाली येऊ द्या, मग श्वास रोखून झाडा. सॉफ्ट पॉइंट आत जाऊन फुलते, खोल जात नाही. रो डियरला ठीक. रानडुकराच्या खांद्यातून तिरकी मारायची असेल तर पॉलिमर टिप हवी, ती खोल जाते.

बांधावरचा
दुसरी आणि तिसरी अडचण माझ्याकडे. यावल_वाट यांनी गोळीचं नीट सांगितलंच आहे, पण माझ्या मते या गेममधला अर्धा खेळ वाऱ्याचा आहे.

तुमचा वास कुठल्या दिशेने जातोय ते स्क्रीनवरच्या वाऱ्याच्या चिन्हात दिसतं. त्या पट्ट्यात जनावर आलं की तुम्ही कितीही दबकून चाला, ते पळणारच. म्हणून आधी वारा बघायचा, मग वाट ठरवायची. वारा तोंडावर आला पाहिजे, निदान आडवा तरी. तो मध्येच फिरतो, म्हणून दर काही मिनिटांनी पुन्हा बघा. कळपाला वळसा घालायला अर्धा किलोमीटर जास्त चालावं लागलं तरी चाला.

मग आवाज. ओणवं चालताना झुडपांत शिरलात तर आवाजाची पट्टी लगेच वर जाते. वाळल्या पऱ्हाटीतून चालल्यावर वावरात जो करकर आवाज होतो, तसंच समजा. पायवाट, खडक, मोकळं गवत धरा. शेवटचे ५० मीटर सरपटत जा. पाऊस आणि जोराचा वारा तुमचा आवाज झाकतात, ढगाळ हवेत शिकार सोपी जाते ती त्यामुळेच. इशाऱ्याची हाक ऐकू आली की जागच्या जागी थांबा, पुढं एक पाऊलही नको. बहुतेक वेळा जनावर थोड्या वेळाने शांत होऊन चरू लागतं.

तलावाची जागा रिकामी का झाली? नकाशावर तिथं जांभळा डाग दिसत असेल तर तो शिकारीचा दाब. एका जागी एकामागून एक मारलं की डाग गडद होतो आणि शेवटी तिथली पाणवठ्याची किंवा चरण्याची जागाच पुसली जाते. कळप मरत नाही, दुसरीकडे जातो. एका जागेवरून एक-दोनच घ्या आणि पुढच्या जागेवर जा. मचाण, तीन पायांचं उंच आसन किंवा जमिनीवरच्या आडोशातून झाडलेल्या गोळीचा दाब खूपच कमी पडतो. रोज येणाऱ्या कळपाजवळ म्हणूनच मचाण उभारायचं. ते पाणवठ्यापासून १०० ते १५० मीटरवर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला ठेवा.

पाणी, चारा आणि विश्रांती या तिन्ही जागा नकाशावर ठसे आणि खुणा तपासल्यावर उघडतात. चिन्हावर गेलात की त्या जनावराची वेळ दिसते. त्या वेळेच्या थोडं आधी जाऊन बसा. चौकीत किंवा तंबूत झोपून वेळ पुढं करता येते. नुसतं भटकत राहणाऱ्याला जनावरं पळतानाच दिसतात.

भुसावळ_४५
गेमबाहेरचं, पण आपल्याकडे महत्त्वाचं. एप्रिल-मेमध्ये खोलीच ४० च्या वर असते, त्यात लॅपटॉप तापून अडखळू लागतो आणि नेम धरायच्या क्षणी चित्र थांबतं. सेटिंगमध्ये फ्रेम ३० किंवा ४० वर बांधा, सावल्यांचा दर्जा मध्यम करा, लॅपटॉपखाली हवा खेळेल अशी जागा ठेवा. पंख्याच्या जाळीतली धूळ काढा, इकडे ती लवकर साचते.

वीज गेली तर? डेस्कटॉप असेल तर यूपीएसशिवाय खेळू नका. सेव्ह लिहिताना वीज गेली की फाइल बिघडू शकते. फाइली डॉक्युमेंट्समधल्या अ‍ॅव्हलांच स्टुडिओज, त्यात सीओटीडब्ल्यू, त्यात सेव्ह्ज या फोल्डरमध्ये असतात. प्रत्येक राखीव जंगलाच्या जनावरांची एक वेगळी फाइल तिथं असते. महिनोन्महिने जपलेला कळप तिच्यातच असतो. आठवड्याला एकदा अख्खं फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा, आणि ते गेम बंद असतानाच.

तापीकाठ
धन्यवाद भाऊ, .२७० साठी पैसे साठवतो. दोन प्रश्न उरले. कॉलर (जनावराचा आवाज काढायचं साधन) किती वेळा वाजवायचा? आणि सुंदरपाटन हा नवा नकाशा घ्यावा का? त्यात रोही आणि काळवीट आहेत म्हणे.

बांधावरचा
कॉलर एकदा वाजवा आणि थांबा. परत परत वाजवून काही वाढत नाही. कॉलर ज्या जातींसाठी आहे, त्याच येतात. वाजवून झाला की बाजूच्या झुडपाकडे सरका, कारण जनावर आवाजाच्या जागेकडे येतं.

सुंदरपाटन २०२३ मध्ये आलं. नेपाळचा प्रदेश आहे, खाली गवताळ मैदान, वर हिमालयाची उंची. रोही, काळवीट, बारशिंगा, वाघ, हिमबिबट्या, याक, सगळे आहेत. पण आधी हिर्शफेल्डेनवर वारा आणि नेम पक्के करा. सुंदरपाटनचा वाघ अंगावर येतो आणि तेव्हा चुकलेल्या पहिल्या गोळीनंतर दुसरीला वेळ मिळत नाही. हे मात्र गेमपुरतंच. आपल्याकडे काळवीट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला आपण फक्त दुर्बिणीतूनच बघायचं.

यावल_वाट
मोकळ्या मैदानात काळवीट तुम्हाला लांबून बघतं, झुडपांचा आडोसा नसतो. तिथं आडवं पडूनच पुढं सरका आणि .२४३ सोबत ठेवा. नेण्याआधी गोळीच्या माहितीत काळविटाचा वर्ग बसतोय का, ते पाहून घ्या.