फुगण्यापेक्षा सुटलेल्या कणांचा त्रास जास्त

तेल असलेल्या दगडात गोडं पाणी शिरलं की त्यातली चिकणमाती फुगते म्हणून तेलाची वाट बंद होते असं म्हणतात, ते स्मेक्टाइट (पाण्याने फुगणारी चिकणमाती) असेल तर ठीक, पण ओहायोच्या बेरिया सँडस्टोनमध्ये (लॅबवाल्यांचा लाडका दगड) मुख्यतः केओलिनाइट न् इलाइट हे मातीचे प्रकार असतात, ते फारसे फुगतच नाहीत. तरी खाऱ्या पाण्यामागून एकदम गोडं सोडलं की परमिॲबिलिटी (दगडातून द्रव किती सहज वाहतो ते) धाडकन पडते, कारण मीठ गेलं की दगडातल्या छिद्रांच्या भिंतीला चिकटलेले मातीचे बारीक कण सुटतात आणि पुढच्या अरुंद तोंडाशी अडकतात. आता प्रवाह उलटा करून बघा, परमिॲबिलिटी थोडा वेळ वर येते, मग तेच कण दुसरीकडे जाऊन बसले की परत खाली. नुसतं फुगणं असतं तर दिशा बदलून काय फरक पडला असता? आणि खिलार-फॉग्लर या संशोधकांनी १९८३ मध्येच दाखवलंय की खारटपणा हळूहळू कमी केला तर हे बरंचसं टळतं.