अनुभव धागा: तंबू, टॉकीज आणि ड्राइव्ह-इन

लहानपणी पाहिलेल्या चित्रपटांविषयी आपण भरभरून बोलतो, पण ते ज्या जागेत पाहिले तिच्याविषयी क्वचितच. म्हणून या धाग्यात कथानक आणि नटनट्या बाजूला ठेवून थिएटरविषयीच लिहावे, अशी विनंती आहे. पडदा कशाला बांधला होता, आवाज कुठून यायचा, वीज गेली की काय व्हायचे, असे तपशील दिलेत तर अधिक आनंद होईल. सुरुवात मीच करतो.

सातारा जिल्ह्यात पुसेगावच्या यात्रेत तंबू टॉकीज येत असे. दिवसा कर्णा लावलेली जीप आसपासच्या गावांतून फिरे आणि रात्री कनातीच्या आत जमिनीवर बसून आम्ही चित्रपट पाहत असू. मधोमध दोरी, एका बाजूला बायका आणि दुसऱ्या बाजूला पुरुष. मशीन एकच असल्यामुळे एक रीळ उतरवून दुसरे चढवेपर्यंत दिवे लागत. चित्रपटाला तीन-चार मध्यंतरे असतात अशीच आमची समजूत होती, आणि पुढे साताऱ्याच्या पक्क्या थिएटरात एकाच मध्यंतरावर बोळवण झाली तेव्हा चक्क फसवले गेल्यासारखे वाटले.

*

माझे वडील सोलापूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी ऑपरेटर होते, त्यामुळे माझे बालपण पडद्यासमोर कमी आणि मशीनच्या खोलीत जास्त गेले. तिथे प्रकाश बल्बचा नव्हे, कार्बनचा असे: तांब्याचा मुलामा दिलेल्या दोन कांड्या समोरासमोर धरून त्यांच्यामध्ये विजेची ज्योत पेटवत, आणि कांड्या जळून आखूड होऊ लागल्या की त्यांच्यातले अंतर पुन्हा जुळवावे लागे, नाहीतर पडदा अंधारू लागे आणि खालून शिट्ट्या सुरू होत. त्या ज्योतीकडे फक्त काळ्या काचेतूनच पाहायचे, अशी वडिलांची सक्त ताकीद होती. दोन हजार फुटांचे रीळ साधारण वीस-बावीस मिनिटे चाले. ते संपत आले की पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात क्षणभर एक ठिपका चमके. तो दिसताच वडील दुसऱ्या मशीनची मोटर सुरू करत, आणि काही सेकंदांनी दुसरा ठिपका आला की एका मशीनची झडप बंद करून दुसऱ्याची उघडत. हा बदल बेमालूम झाला की ते माझ्याकडे पाहून भुवई उडवत. जुना चित्रपट पाहताना मला आजही तो ठिपका आधी दिसतो आणि नायिका नंतर.

*

लालबागला आमच्या चाळीत मुलींना एकटे थिएटरात जाऊ देत नसत. तिकिटे काढायला मात्र आवर्जून पाठवत, कारण बायकांची रांग वेगळी आणि आखूड असे. ‘भारतमाता’च्या खिडकीशी दादाच्या सगळ्या मित्रांचे पैसे मुठीत घट्ट धरून मी कित्येकदा उभी राहिले आहे. त्या बदल्यात त्यांनी मला एकदाही बरोबर नेले नाही, याची नोंद इथे करून ठेवते.

*

ड्राइव्ह-इनविषयी अजून कोणीच लिहिलेले नाही. आत्या अहमदाबादला असल्याने १९७३ साली सुरू झालेल्या तिथल्या ड्राइव्ह-इनला आम्ही उन्हाळ्याच्या सुटीत जात असू. ६६५ मोटारींची सोय असलेले ते मैदान आम्हाला थिएटर वाटतच नसे. पडदा उघड्यावर असल्यामुळे पुरता अंधार पडल्याशिवाय चित्र उमटत नसे, आणि मे महिन्यात सूर्य काही लवकर मावळत नाही. त्यामुळे खेळ सुरू होईपर्यंत धाकटी भावंडे पेंगुळलेली असत. फियाटच्या मागच्या सीटवरून पडद्यापेक्षा आतोबांचे डोकेच जास्त दिसे. अखेर आम्हाला गाडीपुढे चटई पसरून बसण्याची परवानगी मिळाली आणि थोड्याच वेळात मोठी माणसेही चटईवर आली. मग गाडी हवीच कशाला, या आजीच्या प्रश्नाला कोणीच उत्तर दिले नाही.

*

वर ऑपरेटरच्या कन्येने लिहिलेल्या अनुभवाला ही पुरवणी. आमच्या गावातील दोन टॉकीजमध्ये मिळून एकच प्रिंट चालत असे. पहिल्या टॉकीजमध्ये रीळ संपले की ते डब्यात घालून एक पोऱ्या सायकलवरून दुसरीकडे पोहोचवी, म्हणून दुसरीकडचा खेळ उशिरा सुरू होई. एका रविवारी त्याची सायकल वाटेतच पंक्चर झाली. वेळ काढण्यासाठी व्यवस्थापकाने, चित्रपटापूर्वी दाखवणे बंधनकारक असलेला फिल्म्स डिव्हिजनचा अनुबोधपट पुन्हा लावला. शेतीच्या खतांची माहिती दुसऱ्यांदा ऐकावी लागल्यावर लोक खवळले आणि काही प्रेक्षक स्वतःच्या सायकली काढून डब्याच्या शोधात निघाले. तोवर पुढचे रीळही येऊन पोहोचले होते. दोन्ही एकदमच हाती आली आणि घाईत त्यांचा क्रम उलटा लागला. खलनायक आधी मेला आणि त्यानंतर त्याने नायकाच्या बहिणीला पळवून नेले. उठून मात्र कोणी गेले नाही.