मिडवाइफ म्हणजे मागे जाणं? मला उत्तर द्यायचंय

रानजाई: काल इथे कुणीतरी लिहिलं, ‘मिडवाइफ म्हणजे सुईणच, शंभर वर्षं मागे कशाला जायचं?’ रात्रभर डोक्यातून गेलं नाही. माझं पहिलं बाळंतपण ठाण्यात. कळांच्या चौदा तासांत तीन पाळ्या बदलल्या. प्रत्येक नवी सिस्टर आधी विचारायची, ‘पहिलटकरीण का?’ दुसरं न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडला. तिथे १९९० पासून मिडवाइफ, म्हणजे बाळंतपणाचं रीतसर शिक्षण घेतलेल्या बाया, स्वतःच्या जबाबदारीवर बाळंतपण करतात. तिसऱ्या महिन्यापासून बाळ सहा आठवड्यांचं होईपर्यंत एकच बाई. मी घाबरले की गप्प होते, हे तिला ठाऊक होतं.

डॉक्टरीण_सातारा: रक्त जायला लागलं की हातात मिनिटं असतात. घरून निघून वाटेतच थंड पडलेल्या दोघी मी पाहिल्यात.

रानजाई: घरी बाळंत झाले असं कुठे लिहिलंय? हॉस्पिटलातच झाले. आपल्या केंद्र सरकारनेही २०१८ मध्ये नर्सना दीड वर्षाचं मिडवाइफचं शिक्षण द्यायचं ठरवलं, तेही सरकारी दवाखान्यांसाठीच.

भाकरतुकडा: एकच बाई शेवटपर्यंत म्हणता, पण आपल्याकडे सातव्यात माहेरी धाडतात त्याचं काय? मला नगरहून परभणीला पाठवलं, फाइल नगरला राहिली. बीपी चढत होतं हे तिकडे कुणाला माहीतच नाही. आठव्यातच सिझर. ही रूढी बंद करा.

शेवंता: बंद करा म्हणे! सासरी तिसऱ्या दिवशी भांडी घासायला बसवलं असतं मला. आईने सव्वा महिना गार पाण्यात हात घालू दिला नाही.

भाकरतुकडा: मग आईला इकडे बोलवा.

शेवंता: जावयाच्या घरी, महिनाभर? तिकडे वडिलांना कोण बघणार? तुम्हाला जमलं असेल, आमच्यावर लादू नका.

उपकेंद्रातली_सिस्टर: भांडा, पण माता-बाल संरक्षण कार्ड बरोबर न्या. माहेरी गेलेल्या निम्म्या मुली ते घरी विसरतात आणि माझ्या दोन गावांपल्याड कोण त्यांना बघतंय ते मला कळत नाही.

डॉक्टरीण_सातारा: मूळ मुद्द्यावर या. मिडवाइफमुळे अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं कमी होतात, असं सगळीकडे सांगतात. वैद्यकीय संशोधन एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२४ च्या आढाव्यात १७ अभ्यास आहेत, त्यात तो फरक दिसत नाही.

रानजाई: त्याच आढाव्यात सिझर कमी झालेलं दिसतं, ते का गाळलंत? सरकारच्या पाचव्या कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातल्या खासगी दवाखान्यांत शंभरात ४७ सिझर होती.

डॉक्टरीण_सातारा: फरक थोडाच आहे. पण कळांच्या वेळी ओळखीचं माणूस जवळ हवं, हे मान्य. आम्ही आईलाही आत घेत नाही, ते बदलीन. रक्तस्रावात निर्णय मात्र माझाच.

शेवंता: आत कोण हवं ते त्या मुलीला विचारा. माझ्या वेळी सासूबाईंना आत घेतलं. आई रात्रभर बाहेर बाकावर बसून होती.