ओडिन की ओदिन? आणि आपल्या बुधवारशी त्याचं काय नातं?

मुलीच्या पुस्तकात वेन्सडे म्हणजे वोडनचा वार असं वाचलं आणि तिथेच अडकलो, आपल्याकडे तो बुधवार आणि वोडन-बुध ऐकायलाही जवळचे वाटतात, तर मूळ शब्द एकच का? शिवाय हाच वोडन जुन्या स्कँडिनेव्हियातल्या नॉर्स लोकांचा मुख्य देव, तर त्याचं त्यांच्याकडचं नाव मराठीत ओडिन लिहायचं की ओदिन?

——

नाही हो, ते साम्य निव्वळ योगायोग. नातं भाषांतराचं आहे. रोमन लोकांचा हा वार मर्क्युरीचा म्हणजे बुध ग्रहाचा, जर्मानिक टोळ्यांनी त्यांचा आठवडा घेतला तेव्हा मर्क्युरीच्या जागी स्वतःचा वोडन बसवला आणि आपण ग्रहाचंच नाव ठेवलं. जर्मन लोकांनी तर पुढे देवच काढून टाकला, त्यांचा मिटवॉख म्हणजे नुसता आठवड्याचा मध्य.

लिहायचं म्हणाल तर माझं मत ओदिन. जुन्या नॉर्समध्ये तिथे जे अक्षर आहे त्याचा आवाज इंग्रजी 'दॅट'च्या सुरुवातीसारखा, जीभ दातांशी जाते, 'ड'सारखी वर टाळूकडे वळत नाही. ओडिन आपल्याकडे इंग्रजी स्पेलिंगवरून आलंय.

खरी गंमत अर्थात आहे. नावाच्या मुळाशी जो शब्द आहे त्याचा अर्थ वेड, आवेश आणि कवितासुद्धा! ब्रेमेनचा आदाम या जर्मन इतिहासकाराने 11व्या शतकात लॅटिनमध्ये लिहून ठेवलंय की वोदान म्हणजे उन्माद, आणि जर्मनमधला रागाचा शब्द 'वूट' त्याच मुळाचा. मराठीत वेड, उन्माद दोन्ही तोकडे पडतात, मला 'संचार' सगळ्यात जवळचा वाटतो, अंगात संचार होतो तो. लढणाऱ्याच्या अंगात येतो तोही हाच आणि कवीच्या जिभेवर बसतो तोही हाच, म्हणून तर युद्ध आणि काव्य दोन्ही एकाच देवाकडे.

——

संचार एकदम पटला! आणि त्याचे ते दोन डोमकावळे, हुगिन आणि मुनिन?

——

हुगिन म्हणजे विचार, मुनिन म्हणजे आठवण. आणि तुम्ही वोडन-बुधमध्ये शोधत होतात ते सख्खं नातं इथे आहे बघा, मुनिन ज्या धातूवरून आलाय तो आणि आपला 'मन्', ज्यातून मन, मनन आले, दोन्ही एकाच मुळाचे. दोघं रोज जगभर उडून येतात आणि ओदिन म्हणतो, हुगिन परतेल ना अशी धास्ती वाटते, पण मुनिनची त्याहून जास्त.